शिंप्याचं गणित आणि इमारतीचं ऊन

सुट्टीत भारतात गेलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत करायच्या कामांच्या यादीत शिंपी असतोच. ब्लाऊज, कुर्ते, मुलांचे सदरे, सगळं परतीच्या आधी शिवून हवं असतं. शिंपी टेप घेऊन छाती, कंबर, खांदा, बाही अशी मापं घेतो, वहीत पाच-सहा आकडे लिहितो आणि आपण गेल्यावर कापडावर खडूने आखायला बसतो. त्या आखणीत पाच-सहांपेक्षा बऱ्याच जास्त रेषा असतात. पुढचा भाग किती रुंद, मुंढा किती खोल, टक्स कुठे, यातलं बरंचसं त्याने मोजलेलं नसतं. ते तो हिशेबाने काढतो. छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात थोडी सैल जागा, वर शिवणीसाठी माया. पुढच्या गिऱ्हाइकाचं माप दोन इंचांनी जास्त असलं तर हिशेब तोच राहतो, आकडे तेवढे बदलतात.

पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणजे मुळात हेच. पॅरामीटरला मराठी परिभाषेत ‘प्राचल’ म्हणतात. आपण ठरवतो ती मापं म्हणजे प्राचलं, आणि त्यांच्यावरून बाकी सगळं कसं काढायचं याचे नियम म्हणजे नाती. साध्या नकाशात रेषा साठवलेल्या असतात. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये त्या रेषा जिथून आल्या ती नाती साठवलेली असतात.

मी आर्किटेक्ट नाही. माझं रोजचं काम संगणकावरच्या गणिती मॉडेलांचं आहे आणि इमारतींकडे मी त्याच खिडकीतून बघतो. ‘पॅरामेट्रिक आर्किटेक्चर’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर झाहा हदीद यांच्या बाकूमधल्या हैदर अलियेव केंद्रासारख्या लाटांच्या इमारती येतात. त्यांचे सहकारी पॅट्रिक शूमाखर यांनी 2008 मध्ये या शैलीला ‘पॅरामेट्रिसिझम’ असं नावही दिलं. पण या पद्धतीचा वळणदार आकारांशी काही अटळ संबंध नाही. चौकोनी इमारतीतला साधा जिना घेतला तरी ती नीट समजते.

जिन्याचा हिशेब

दोन मजल्यांमधलं अंतर 3 मीटर आहे असं धरू. चढायला त्रास होऊ नये म्हणून एका पायरीची उंची 17 सेंमीपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायला 28 सेंमी जागा हवी. 300 भागिले 17 म्हणजे 17.6. अर्धवट पायरी बांधता येत नाही, म्हणून 18 पायऱ्या. प्रत्येकीची उंची 16.7 सेंमी. शेवटची पायरी म्हणजे वरचा मजलाच, त्यामुळे आडवे टप्पे 17, आणि जिन्याची जमिनीवरची लांबी 17 गुणिले 28, म्हणजे 4 मीटर 76 सेंमी.

आता मालक म्हणाला की छत 20 सेंमीने उंच करा. 320 भागिले 17 म्हणजे 18.8, म्हणून 19 पायऱ्या. लांबी झाली 5 मीटर 4 सेंमी. छत 20 सेंमीने वाढलं आणि जिना 28 सेंमीने लांबला. त्यामुळे जिन्याखालचं दार सरकलं, दारामुळे भिंत सरकली, भिंतीमुळे स्वयंपाकघर लहान झालं.

कागदावर हे सगळं खोडून पुन्हा काढावं लागतं, आणि एखादी गोष्ट बदलायची राहून जाते. नाती मॉडेलमध्ये लिहून ठेवली असतील तर छताची उंची बदलताच जिना, दार, भिंत आपापल्या जागी सरकतात. तुम्ही एक्सेलमध्ये एका खान्यातला आकडा बदलून खालची बेरीज आपोआप बदलताना पाहिली असेल. तेच इथे आकारांच्या बाबतीत घडतं. ग्रासहॉपर नावाचं सॉफ्टवेअर आर्किटेक्ट लोक 2007 पासून वापरत आहेत. त्याच्या पडद्यावर लहान लहान डबे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा दिसतात. प्रत्येक डबा म्हणजे एक हिशेब, प्रत्येक तार म्हणजे एक नातं.

एक मर्यादा इथेच सांगून ठेवतो. सरळ जिन्याऐवजी मध्ये वळण असलेला जिना हवा असेल, तर आकडा बदलून तो मिळणार नाही. नवी नाती लिहावी लागतील. मॉडेल आपण आखून दिलेल्या अंगणातच खेळतं. पुढच्या सगळ्या गोष्टींत हे लक्षात ठेवायला हवं.

संगणकाआधीचं मॉडेल: दोऱ्या आणि शिसं

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. साखळीची दोन टोकं धरून ती लोंबत सोडली की तिला एक विशिष्ट वक्र मिळतो, कारण साखळीत फक्त ताण असतो. तोच वक्र उलटा करून दगडात बांधला तर कमानीत फक्त दाब राहतो, आणि दगडाला दाब चांगला सोसतो. रॉबर्ट हूकने हे तत्त्व 1675 मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापलं होतं.

बार्सेलोनाच्या आंतोनी गाउदीने त्यावर प्रत्यक्ष मॉडेलच उभारलं, किंवा खरं तर टांगलं. कोलोनिया ग्वेल या गिरणी-वसाहतीतल्या चर्चसाठी त्याने छताला दोऱ्यांचं जाळं लटकवलं आणि जिथे जितकं वजन येणार तिथे त्या प्रमाणात शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या. एक दोरी आखूड केली की शेजारच्या दोऱ्या आपोआप नवा आकार घ्यायच्या. त्याचा फोटो काढून उलटा धरला की चर्चचे खांब आणि कमानी दिसत. दोऱ्यांची लांबी आणि वजनं ही प्राचलं, आणि हिशेब करणारं यंत्र म्हणजे गुरुत्वाकर्षण! यावर सुमारे दहा वर्षं गेली. चर्चचा फक्त तळघराचा भाग बांधून झाला, पण या पद्धतीचं पुस्तकी उदाहरण म्हणून ते मॉडेल आजही सांगितलं जातं.

संगणकावर हे आणलं आयव्हन सदरलंडने. एमआयटीत पीएचडी करताना 1963 मध्ये त्याने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर वेड्यावाकड्या चार रेषा काढायच्या आणि सांगायचं की या दोन समांतर, या दोन सारख्या लांबीच्या. यंत्र रेषा सरकवून त्या अटी पाळायचं. गाउदीच्या दोऱ्यांची जागा आता समीकरणांनी घेतली होती.

ब्रिटिश म्युझियमचं छत

लंडनला राहणाऱ्या किंवा पाहुण्यांना लंडन दाखवणाऱ्या प्रत्येकाने हे छत पाहिलेलं असतं. ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकात गोल वाचनकक्ष आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना इथल्याच ग्रंथालयात अभ्यासाला बसत. ग्रंथालय सेंट पँक्रसला हलल्यावर हा चौक मोकळा करून त्यावर काचेचं छत टाकायचं ठरलं. आर्किटेक्ट होते नॉर्मन फॉस्टर यांची कंपनी आणि इंजिनिअर ब्यूरो हॅपोल्ड. छताचा आकार गणिताने काढून दिला तो बाथ विद्यापीठाच्या ख्रिस विल्यम्स यांनी. डिसेंबर 2000 मध्ये चौक खुला झाला.

अडचण अशी होती. बाहेरची कड आयताकृती, सुमारे 73 मीटर गुणिले 97 मीटर. आतली कड गोल. त्यात तो गोल चौकाच्या बरोबर मध्यावर नाही. एका बाजूला जितकी जागा आहे, समोरच्या बाजूला त्यापेक्षा सुमारे पाच मीटर कमी. आयत आणि गोल यांना जोडणारा, दोन्ही कडांवर ठरलेल्या उंचीला नेमका टेकणारा आणि मधे पुरेसा फुगलेला पृष्ठभाग हवा होता.

विल्यम्स यांनी छताच्या प्रत्येक बिंदूची उंची देणारं सूत्र लिहिलं. ते काही भागांची बेरीज होतं. एक भाग गोल कडेच्या उंचीवरून आयताच्या उंचीवर सफाईने उतरायचा. बाकीचे भाग दोन्ही कडांवर शून्य व्हायचे, त्यामुळे ते कितीही कमी-जास्त केले तरी कडा हलत नसत, मधला फुगवटा तेवढा बदले. अट आकारातच विणून टाकायची ही युक्ती मला फार आवडते. ‘कडेला टेकलं का?’ हे पुन्हा तपासावंच लागत नाही, कारण न टेकणारं छत त्या सूत्रातून निघूच शकत नाही.

मग त्या पृष्ठभागावर पोलादी त्रिकोणांची जाळी बसवायची होती. सरळसोट आखली तर काही त्रिकोण मोठे, काही चिंचोळे झाले असते, आणि काचेच्या आकाराला मर्यादा असते. म्हणून जाळीचा प्रत्येक सांधा शेजारच्या सांध्यांना जणू रबराने बांधला आहे असं मानलं आणि सगळे सांधे पृष्ठभागावरून घरंगळू दिले, ओढाताण थांबेपर्यंत. जाळी सारखी पसरली. तयार छतात 3312 काचा आहेत आणि प्रत्येकीचा आकार वेगळा आहे. इतक्या काचा हाताने आखणं व्यवहारात शक्य नव्हतं. मॉडेलमध्ये मात्र प्रत्येक काच म्हणजे तीन सांध्यांमधलं अंतर, आणि ते आधीच निघालेलं होतं.

पण या छतातलं सर्वांत महत्त्वाचं नातं काचेत दिसत नाही. घुमटासारखं कुठलंही छत कडेच्या भिंतींना बाहेर ढकलतं. या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या, त्यांना तो रेटा सोसला नसता. म्हणून छत भिंतींवर सरकत्या टेकूंवर ठेवलं. ते भिंतींवर वजन टाकतं, पण त्यांना आडवं ढकलत नाही. ‘जुन्या भिंतींना धक्का नको’ ही अट कुणीतरी सुरुवातीलाच यादीत लिहिली होती, आणि छताची सगळी ताकद त्या अटीभोवती रचावी लागली.

शेजाऱ्यांचं ऊन

यादीत काय लिहायचं हा प्रश्न स्टेडियममध्ये आणखी ठळक होतो. स्टेडियम हा पॅरामेट्रिक पद्धतीचा जुना लाडका विषय आहे. इटालियन आर्किटेक्ट लुइजी मोरेत्ती यांनी 1960 च्या मिलान प्रदर्शनात ‘पॅरामेट्रिक वास्तुकला’ याच नावाखाली 19 प्राचलांवरून काढलेलं स्टेडियम मांडलं होतं.

कारण स्टेडियमच्या मुळाशी एक सोपं नातं आहे. मागे बसलेल्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून ती किती वरून जाते ते मोजतात. 9 सेंमी म्हणजे चांगलं, 6 सेंमी म्हणजे मान वाकडी करावी लागणार. मैदानाच्या कडेपासून पुढच्याचे डोळे 30 मीटर लांब आणि 8 मीटर उंच असतील, आणि एका रांगेची खोली 80 सेंमी असेल, तर 9 सेंमी मिळवायला मागची रांग सुमारे 31 सेंमीने उंच हवी. 40 मीटर लांब आणि 14 मीटर उंच गेलं की तीच रांग 37 सेंमीने उंच हवी. म्हणून वरच्या मजल्यावरचे स्टँड उभट होत जातात. एक आकडा बदलला की हजारो खुर्च्या हलतात.

डब्लिनचं अविवा स्टेडियम 2010 मध्ये खुलं झालं. आर्किटेक्टची बाजू पॉप्युलस यांनी स्कॉट टॅलन वॉकर यांच्यासह सांभाळली, इंजिनिअर पुन्हा ब्यूरो हॅपोल्ड. दोन्ही बाजू एकच पॅरामेट्रिक मॉडेल वापरत होत्या आणि त्यातले आकडे एका साध्या एक्सेल तक्त्यातून देत-घेत होत्या. छताची वक्रता आर्किटेक्टने बदलली की इंजिनिअरचा पोलादी सांगाडा त्याच्यामागून बदलायचा.

स्टेडियमचा फोटो पाहिलात तर एक गोष्ट लगेच दिसते. तीन बाजूंनी उंच असलेलं छत उत्तरेकडे एकदम खाली येतं आणि तिथला स्टँड अगदी ठेंगणा आहे. कारण उत्तरेला लागूनच लोकांची बैठी घरं आहेत. डब्लिनमध्ये सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून स्टेडियमची सावली नेमकी त्या घरांवर पडली असती. त्या घरांच्या उजेडासाठी छत वाकवलं गेलं. हजारो खुर्च्यांची कमाई सोडून शेजाऱ्यांचं ऊन हे या इमारतीचं एक प्राचल झालं.

यादीत नसलेलं ऊन

आता उलटं उदाहरण. लंडनमध्ये 20 फेनचर्च स्ट्रीट ही इमारत ‘वॉकी-टॉकी’ या नावाने प्रसिद्ध आहे. वरचे मजले महाग भाड्याने जातात, म्हणून ती वर जाताना रुंद होत जाते. तिची दक्षिणेकडची काचेची बाजू आतल्या बाजूला वळलेली आहे. 2013 च्या उन्हाळ्याच्या शेवटी, बांधकाम चालू असतानाच, समोरच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले. एका पत्रकाराने तिथल्या फुटपाथवर अंडं शिजवून दाखवलं.

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. अंतर्वक्र आरसा समांतर किरणांना त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर एकत्र आणतो. इमारत हा तसा आरसा, आणि वर्षातले काही आठवडे, दिवसातले काही तास सूर्य अशा कोनात यायचा की किरण रस्त्यावर जमायचे. आधी तात्पुरता पडदा लावला आणि पुढे दक्षिण बाजूवर कायमच्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. याच आर्किटेक्टच्या, म्हणजे राफाएल विन्योली यांच्या, लास व्हेगासमधल्या वडारा हॉटेलबाबत 2010 मध्ये अशाच तक्रारी झाल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या चकचकीत पत्र्यांनाही 2005 मध्ये घासून मंद करावं लागलं होतं.

यातलं गणित गाउदीच्या दोऱ्यांपेक्षा सोपं आहे. सूर्य कोणत्या दिवशी किती वाजता कुठे असतो ते शेकडो वर्षांपासून काढता येतं. इमारतीची वक्रता तर नकाशातच असते. मॉडेलमध्ये सूर्य, काच आणि फुटपाथ यांना जोडणारी एक तार घातली असती, तर हे संगणकाच्या पडद्यावर लाल डाग म्हणून दिसलं असतं. मॉडेल कितीही हुशार असलं तरी त्याला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देत नाही.

सव्वातीन मीटर ऊन

डब्लिन आणि लंडनमधला हा फरक आपल्या गावाकडेही लागू होतो, आणि तिथे तो गाडी वितळण्यापेक्षा जास्त गंभीर आहे.

मुंबईत इमारतीचा आकार प्रामुख्याने एका प्राचलावर ठरतो: एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल. पुनर्विकासाच्या प्रत्येक बैठकीत हाच आकडा गाजतो. गोवंडी-मानखुर्द भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींत तर दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. तिथल्या घरांचा 2018 मध्ये डॉक्टर आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी अभ्यास केला, तेव्हा कमी उजेड, कोंडलेली हवा आणि क्षयरोगाचं प्रमाण यांचा संबंध दिसून आला.

यातला उजेडाचा भाग आपण इथेच मोजू. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. खिडकी दक्षिणेला आहे आणि समोर तीन मीटरवर तेवढ्याच उंचीची इमारत. मग ऊन भिंतीवर वरून किती खाली येईल? अंतर गुणिले 47 अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर. फक्त सगळ्यांत वरचा मजला. त्याखालच्या सहा-सात मजल्यांना दुपारचं थेट ऊन नाही. हेच अंतर दहा मीटर केलं तर ऊन पावणेअकरा मीटर खाली, म्हणजे साडेतीन मजल्यांपर्यंत पोचतं.

या हिशेबाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. हे जिन्याच्या हिशेबाइतकंच सोपं नातं आहे, आणि कुठल्याही पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये ते दहा मिनिटांत घालता येतं. मग प्रत्येक आराखड्याच्या शेजारी दोन आकडे दिसतील: किती चौरस फूट मिळाले आणि किती घरांना ऊन मिळालं. दुसरा आकडा दिसू लागला की निदान त्यावर भांडता तरी येतं.

आपल्यापैकी अनेकांचं पुण्या-मुंबईत आई-वडिलांचं घर पुनर्विकासाला निघालं आहे, आणि बिल्डरचे चकचकीत व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आपल्यापर्यंत पोचतात. पुढचा व्हिडिओ आला की एक साधा प्रश्न परत पाठवा: 21 डिसेंबरला दुपारी बारा वाजता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ऊन असेल का? मॉडेल त्यांच्याकडे आहेच. त्यांना फक्त तारीख आणि वेळ टाकायची आहे.